सहाबारी पिस्तुलाचा जनक आणि बार भरण्याचा खटाटोप

पुसद : पुसदसारख्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यात ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. नळीत दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, केप बसवायची आणि मग एक बार. पुन्हा सारे पहिल्यापासून. पीकरक्षणासाठीच्या अशा बंदुकीची दखल १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही घेतली आहे. याच खटाटोपाला कंटाळलेल्या जगाला सॅम्युअल कोल्ट याने फिरत्या दंडगोलाचे रिव्हॉल्व्हर दिले. परंतु ठासणीतून त्याची स्वतःची मात्र अखेरपर्यंत सुटका झाली नाही.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडिलांचा व्यवसाय बुडाला, आई लहानपणीच गेली. १८३० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ‘कॉर्व्हो’ जहाजावर खलाशी म्हणून कोलकात्याच्या सफरीस निघाला. जहाजावरील चाक फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला रिव्हॉल्व्हरची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. लाकडाचा पहिला नमुना त्याने याच प्रवासात कोरला. परतल्यावर भांडवल उभारण्यासाठी हा तरुण ‘डॉक्टर कूल्ट’ बनून गावोगाव हसविणाऱ्या वायूचे प्रयोग करीत फिरला!

२५ फेब्रुवारी १८३६ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पॅटर्सन येथे कारखाना सुरू झाला. हे पहिले रिव्हॉल्व्हर पाच बारांचे होते. मात्र ते रिकामे झाले की पुन्हा भरण्यासाठी खोलावे लागे. घोड्यावरच्या स्वाराने शत्रूसमोर हे कसे करावे? १८३९ मध्ये ठासण्याची दांडी हत्यारालाच जोडण्यात आली, पण १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. कोल्टला तारले ते मेक्सिकोच्या युद्धाने. कॅप्टन सॅम्युअल वॉकर याच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये सहा बारांचे, सुमारे दोन किलो वजनाचे नवे रिव्हॉल्व्हर तयार झाले आणि सरकारने एक हजार नगांची मागणी नोंदविली.

तरीही भरण्याची रीत जुनीच राहिली. दंडगोलाच्या प्रत्येक कप्प्यात पुढच्या बाजूने काळी दारू ओतायची, कप्प्यापेक्षा किंचित मोठी शिशाची गोळी दांडीने अशी दाबायची की तिच्या कडेची बारीक चकती सोलून निघावी. मग वर चरबी लावायची. एका कप्प्याची ठिणगी शेजारच्या कप्प्यात शिरली तर एकाच वेळी अनेक बार उडण्याचा धोका असे. शेवटी मागे तांब्याच्या टोप्या. वेळ वाचावा म्हणून पुढे गोळीसह जळून जाणाऱ्या कागदी काडतुसांची पुडकी विकली जाऊ लागली. भारतात १८५७ चा उठाव झाला तेव्हा अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टची किंवा त्याचा प्रतिस्पर्धी अॅडम्स याची अशीच रिव्हॉल्व्हर होती. त्या उठावाला निमित्त ठरली तीही काडतुसावरची चरबीच, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

उत्तर कोल्टच्या दारापर्यंत आले होते. त्याच्याच कारखान्यात कंत्राटदार म्हणून काम केलेल्या रोलिन व्हाइट याने दंडगोल आरपार पोखरून मागच्या बाजूने काडतूस घालण्याची युक्ती काढली आणि १८५५ मध्ये तिचे पेटंट घेतले. कोल्टने तिच्यात रस घेतला नाही. १८५६ मध्ये स्मिथ आणि वेसन यांनी प्रत्येक पिस्तुलामागे २५ सेंट देण्याच्या बोलीवर हक्क मिळविले. स्वतःच्या पेटंटाच्या जोरावर इतरांना वर्षानुवर्षे न्यायालयात रोखणारा कोल्ट आता दुसऱ्याच्या पेटंटाने अडला. एवढ्या चतुर व्यापाऱ्याची ही चूक अनाकलनीय वाटते. यादवी युद्ध पेटण्याच्या बेतात असताना दक्षिणेकडील राज्यांनाही शस्त्रे विकण्याइतका तो व्यवहारी होता.

१० जानेवारी १८६२ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. व्हाइटच्या पेटंटाची मुदत १८६९ मध्ये संपली. त्यानंतर कोल्टच्या कंपनीने जुनी ठासणीची रिव्हॉल्व्हर धातूच्या काडतुसांसाठी बदलून द्यायला प्रारंभ केला आणि १८७३ मध्ये ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ हे तिचे सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर लष्करात दाखल झाले.

त्या काळातील अनेक मापांची काडतुसे आज बाजारात सहजी मिळत नाहीत. त्यामुळे परदेशातील संग्राहक उडवलेल्या पितळी टोपणातील जुनी टोपी काढतात, नवी बसवितात आणि मोजून दारू व गोळी भरतात. दारू मात्र काळीच हवी. आधुनिक निर्धूर दारूचा दाब त्या जुन्या पोलादाला पेलत नाही आणि दंडगोल हातातच फुटतो. भारतात चालू स्थितीतील रिव्हॉल्व्हर कितीही जुने असले, तरी ते वापरण्यास आणि त्याची काडतुसे घेण्यास परवाना लागतो.