लंडनच्या दिवाणखान्यात समुद्र आणणारा माणूस, आणि त्यापायी रिकामे झालेले किनारे

सुट्ट्या लागल्या की निम्मं कोल्हापूर घाट उतरून मालवणात असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करायचं, पाण्याखालचं प्रवाळ बघायचं, रंगीत मासे बघायचे आणि रात्री सुरमईवर ताव मारून परत निघायचं. परतीच्या वाटेवर गाडीतल्या एखाद्याच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागतो. हे सगळं घरी, हॉलमध्ये, टीव्हीशेजारी ठेवता येईल का?

गोड्या पाण्याची टाकी कोण पण लावतं. गोल्डफिश आणायचे, पंप लावायचा, विषय संपला. खाऱ्या पाण्याचं गणित मात्र वेगळं आहे. पहिली अडचण अगदी साधी आहे. कोल्हापुरात पंचगंगा आहे, रंकाळा आहे, पण समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं आहे. मग खारं पाणी आणायचं कुठनं?

हीच अडचण पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनकरांना होती. त्यावर तोडगा काढला फिलिप हेन्री गॉस नावाच्या माणसानं. आज नॅनो रीफ टँक म्हणून जे काही विकलं जातं, त्यामागच्या बऱ्याचशा युक्त्या या गड्यानं १८५० च्या दशकात लिहून ठेवल्या होत्या. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आज ज्या अर्थानं आपण वापरतो, तो रूढ केला त्यानंच. आणि या सगळ्याचा पश्चात्ताप करायची वेळही त्याच्यावरच आली.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. बाप गावोगाव फिरून लोकांची छोटी व्यक्तिचित्रं रंगवायचा. कलाकार माणूस, त्यामुळं घरात पैशाची कायमची ओढाताण. पोरगं वाढलं पूल नावाच्या बंदरात. तिथं त्याच्या एका आत्यानं त्याला किनाऱ्यावरची समुद्रफुलं दाखवली. समुद्रफूल म्हणजे नाव फुलाचं, पण आहे प्राणी. खडकाला चिकटून बसतो आणि पाकळ्यांसारख्या हातांनी भक्ष्य पकडतो. ही फुलं भांड्यात समुद्राचं पाणी घेऊन जिवंत ठेवता येतात, हे त्या आत्यानंच सांगितलं. पोराच्या डोक्यात ते बसलं, पण त्याचं पुढं काही व्हायला अजून बरीच वर्षं जायची होती.

सतराव्या वर्षी पोटापाण्यासाठी तो जहाजात बसला आणि कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून लागला. तिथं १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि हा कारकून किडे गोळा करायला लागला. पुढं कॅनडात शेती केली, ती बुडाली. अमेरिकेतल्या अलाबामात मास्तरकी केली, पण तिथली गुलामगिरी बघून त्याचं मन विटलं. १८३९ मध्ये तो रिकाम्या हातानं इंग्लंडला निघाला. जहाजात बसल्या बसल्या त्यानं कॅनडातल्या निसर्गावर एक पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं आणि तिथून त्याची गाडी रुळावर आली. मग जमैकात दीड वर्ष काढून तिथल्या पक्ष्यांवर लिहिलं. १८४८ मध्ये एमिली बोज हिच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या डायरीत गॉसनं मुलगा झाल्याची आणि जमैकाहून एक हिरवी पाकोळी पोचल्याची अशा दोन्ही नोंदी शेजारीशेजारी केल्या. माणूस कसा होता, ते एवढ्यावरून कळतं.

अतिकामानं तब्येत ढासळली आणि १८५२ च्या सुरुवातीला तो कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. गेला होता हवापालटाला, पण रोज ओहोटीच्या वेळी हातोडी-छिन्नी घेऊन खडकांमधल्या डबक्यांत उतरायला लागला. समुद्रफुलं, छोटं प्रवाळ, खेकडे, शेवाळ असं जे मिळेल ते बरण्यांत भरायचं आणि ते का मरतं, का जगतं याची नोंद ठेवायची. एकदा तर त्यानं समुद्रफुलं शिजवून खाऊनसुद्धा बघितली. पहिला घास घशाखाली उतरेना, पण नंतर आवडली. लहानग्या एडमंडनंही मिटक्या मारल्या.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समुद्री जीव घरी ठेवणारा गॉस हा पहिला माणूस नव्हता. ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं आणि सुमारे तीन वर्षं जगवलं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. आजच्या एअर पंपाचं काम तेव्हा एका बाईच्या दंडावर चालायचं. तिचं नाव मात्र इतिहासात आलेलं नाही. दुसरे रॉबर्ट वॉरिंग्टन. हे रसायनशास्त्रज्ञ. पाणवनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचं प्रमाण बरोबर जमलं तर पाणी न बदलताही टाकी चालते, हे त्यांनी १८५० मध्ये दाखवून दिलं.

गॉसचं वेगळेपण हे की, ही प्रयोगशाळेतली गोष्ट सामान्य माणसाच्या हातात त्यानं दिली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यासाठी समुद्री जीव गोळा करून देणाऱ्यांत तो होता. १८५४ मध्ये त्याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. त्यातली रंगीत चित्रं त्यानं स्वतः काढली होती. तोवर या टाक्यांना विव्हेरियम वगैरे अवघड नावं होती. वनस्पतीवाले पाणवनस्पतींच्या हौदाला ॲक्वेरियम म्हणायचे. तो शब्द गॉसनं उचलला आणि तो आजतागायत टिकला. मुंबईत १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं, त्याच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे.

पण खरा खेळ पाण्याचा होता. किनाऱ्यावरून पिंपं भरून पाणी लंडनला आणायचं म्हणजे खर्च, आणि ते वाटेत खराब व्हायचं ते वेगळंच. म्हणून एप्रिल १८५४ मध्ये गॉसनं घरीच समुद्र कालवला. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण समोर ठेवून त्यानं चारच क्षार निवडले. आजच्या मापात सांगायचं तर साधारण १०० ग्रॅम खायचं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. पाणी साडेचार लिटरला थोडं कमी. टाकीत तळाला खडे घातले, शेवाळ लागलेले दगड ठेवले. आणि मग महत्त्वाचं काम केलं. तो थांबला. आठवडाभर टाकीत एकही प्राणी सोडला नाही. त्यानंतर जे सोडले ते जगले.

ही कृती बघून लगेच किराणा दुकानात पळायचं काम नाही. यात कॅल्शियम वेगळं घातलेलं नाही, आणि प्रवाळाला सांगाडा बांधायला तेच तर लागतं. आज तयार सागरी मिठाची पाकिटं मिळतात. ते मीठ आरओच्या पाण्यात कालवायचं आणि क्षारता दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास आणायची, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ येतं. म्हणजे कोल्हापुरात बसून खारं पाणी करता येतं, ही शक्यता गॉसमुळं उघडी झाली.

१८५५ मध्ये त्यानं खास नवशिक्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली. तिच्यातल्या युक्त्या आज वाचल्या तरी जुन्या वाटत नाहीत. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळं पातळीची खूण करून ठेवायची आणि कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानं भरून काढायचं. नवशिका हमखास चुकतो तो इथंच. मीठ कालवलेलं पाणी ओतत राहतो आणि टाकी खारट होत जाते. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरातल्या दहा-वीस लिटरच्या टाकीत हा घोळ व्हायला फार दिवस लागायचे नाहीत, कारण पाणी जितकं कमी तितका त्यातला बदल झपाट्यानं होतो. लहान टाकी सोपी असेल हा समज इथंच फसतो. काचेवरचं शेवाळ खायला गॉस किनाऱ्यावरच्या गोगलगायी सोडायचा, आजही तेच करतात. थेट ऊन टाळायचा, मेलेला प्राणी दिसला की लगेच बाहेर काढायचा.

तो थांबला ते बरोबर, पण का थांबायचं याचं पूर्ण उत्तर त्याच्याकडं नव्हतं. वनस्पती ऑक्सिजन देतात, प्राणी घेतात, एवढाच हिशेब त्याला माहीत होता. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेनं कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर, वाळूत वसायला आज साधारण चार ते सहा आठवडे धरतात. विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञानं ते वेगळे काढून दाखवले १८९० च्या सुमाराला, तेव्हा गॉस जाऊन दोन वर्षं झाली होती.

इकडं इंग्लंडमध्ये मात्र लाट आली होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळं काच स्वस्त. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचलेली. गॉस स्वतः किनाऱ्यावर लोकांचे वर्ग घ्यायचा, घोळदार झगे घातलेल्या बायका, पाद्री, पोरंबाळं सगळी त्याच्या मागं खडकांवरून फिरायची. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी तर समुद्री जीव विकण्याचं दुकानच थाटलं. १८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचा फेलो झाला. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. वर जायची आता एकही पायरी उरली नव्हती म्हणा ना.

आणि पुढच्याच वर्षी सगळं कोसळलं. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगानं गेली. शस्त्रक्रियेऐवजी तिनं जळजळीत मलमांचा उपचार घेतला होता, त्यात तिचे अतोनात हाल झाले. आठेक वर्षांचं पोर घेऊन गॉस डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला राहायला गेला. त्याच वर्षी त्याचं ‘ओम्फालॉस’ हे पुस्तक आलं. ओम्फालॉस म्हणजे ग्रीकमध्ये बेंबी. गॉस कट्टर धार्मिक होता, बायबलचं अक्षर न अक्षर खरं मानणारा. पण खडकांतले जीवाश्म पृथ्वी फार जुनी आहे असं सांगत होते. त्यानं मेळ घातला तो असा की, आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमलाही जशी बेंबी असणार, तशी पृथ्वीही देवानं जुनेपणाच्या खुणांसकट एकदम घडवली. शास्त्रज्ञ हसले, धर्मवाले भडकले. न खपलेल्या प्रती रद्दीत गेल्या. ज्याची निरीक्षणं अवघं इंग्लंड वाचत होतं, त्याचा विचार कुणीच घेतला नाही.

तो परत डबक्यांकडं वळला. छातीभर पाण्यात उभा राहायचा, शेजारी लहान एडमंड. १८५८ ते १८६० या काळात ब्रिटनची समुद्रफुलं आणि प्रवाळ यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ आला, तो अभ्यासकांनी पुढं कित्येक वर्षं वापरला. एडमंडनंही एक नवी जात शोधली, बाप खूश. (याच बापानं नाताळात पोराला नोकरांनी दिलेलं पुडिंग पाप म्हणून उकिरड्यावर फेकलं होतं, तेही सांगितलं पाहिजे.)

पण डबकी आता पूर्वीची राहिली नव्हती. गॉसची पुस्तकं हातात घेऊन आलेले हौशे, व्यापारी, सुट्टीवाले खडक फोडून न्यायचे. नेलेलं बहुतेक दोन-चार दिवसांत मरायचं, टाकी वास मारायची, मग पुन्हा नवीन आणायचं. १८६० च्या दशकात फॅशन ओसरली, पण तोवर जवळचे किनारे ओरबाडून झाले होते. एडमंडनं १९०७ मध्ये वडिलांच्या आठवणी लिहिल्या तेव्हा ही लूट सविस्तर नोंदवली. ती आपल्याच पुस्तकांमुळं झाली याचं वडिलांना मनापासून दुःख होतं, असंही लिहिलं.

भारतात यावर कायदा आहे. २००१ पासून खडक बांधणारं प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. मालवणच्या समुद्राला तर १९८७ मध्येच अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यामुळं तिथून प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून घाट चढणं हा थेट गुन्हा आहे. कोल्हापुरात सुरुवात करायचीच तर कृत्रिम दगड, पाकिटातलं मीठ, महिनाभर रिकामी टाकी आणि मग टाकीतच पैदास झालेले क्लाउनफिश, असा रस्ता मोकळा आहे.

गॉसनं १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरं लग्न केलं. म्हातारपणी त्यानं ऑर्किड वाढवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव बघितले. त्यांच्यावरचा, हडसन यांच्यासोबतचा ग्रंथ १८८६ पासून निघू लागला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्चच्या घरी तो गेला. ज्या डबक्यांपायी त्यानं मुक्काम तिथं हलवला होता, ती घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.