नामदार गोखले आणि संस्थेचे व्रत

सार्वजनिक संस्थेचे नुकसान तिच्या पैशाला हात घातल्यानेच होते असे नाही. दोन ठिकाणी शब्द देऊन बसलेला प्रामाणिक माणूसही कुठेतरी कमी पडतोच. हा पेच ज्यांच्यापुढे ऐन तारुण्यात उभा राहिला आणि ज्यांनी पुढे त्यावर नियमच घालून दिला, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ मध्ये वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागले. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना या आठ रुपयांचे मोल कुणी समजावून सांगावे लागत नाही.

१८८४ साली गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. सरकारी नोकरी धरून भावाचे पांग फेडावेत, असे कोणालाही वाटले असते. परंतु ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदही झाले. टिळक, आगरकर, नामजोशी यांनी उभारलेल्या या संस्थेत वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे बंधन सभासद आपण होऊन स्वीकारीत. गोखल्यांना पुढे महिना ७५ रुपये मिळत.

याच संस्थेत वादाला तोंड फुटले. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कामे व बाहेरची मिळकत नको, असा टिळकांचा आग्रह होता. गोखले तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक सभेचे काम करीत होते. १८९० मध्ये त्यांनी सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि वाद विकोपाला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. ज्यांनी रोप लावले, त्यांनीच बाग सोडली.

चूक कोणाची? टिळकांचा प्रश्न रास्त होता. वर्गातला शिक्षक मनाने सभेच्या कचेरीत असेल तर विद्यार्थ्यांनी दाद कोणाकडे मागावी? मात्र हा प्रश्न एकट्या गोखल्यांना लावून चालण्यासारखा नव्हता. स्वतः टिळक ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत गुंतलेले होते, तर आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’ चालवीत होते. सर्वांचाच एक पाय संस्थेत आणि एक बाहेर होता. किती बाहेर चालेल, हे आधी कोणी ठरवले नव्हते. त्यामुळे तत्त्वाचा वाद माणसांचा वाद झाला.

गोखल्यांनी सोसायटी सोडली नाही. फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवीत राहिले, संस्थेसाठी निधी गोळा करीत राहिले. बाहेरची कामेही वाढतच गेली. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. मुंबईच्या आणि नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांची भाषणे गाजली. अंकगणितावरच्या त्यांच्या पुस्तकाचे उत्पन्नही त्यांना मिळे.

आणि तरीही, की म्हणूनच, १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदांच्या सात प्रतिज्ञांमध्ये एक अशी होती : समाज माझ्या आणि कुटुंबाच्या चरितार्थासाठी जे देईल त्यात मी समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. पहिली शपथ त्यांनी स्वतः घेतली. पंधरा वर्षांपूर्वी जो आग्रह त्यांच्याविरुद्ध धरला गेला होता, तोच जणू त्यांनी आपल्या हाताने नियमात उतरवला.

या नियमाची दुसरी बाजू मला अधिक मोठी वाटते. त्यात कुटुंबाचा विसर नाही. सेवकाकडून सर्वस्व मागायचे तर त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. आठ रुपयांवर शिकलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ४८ व्या वर्षी गोखले वारले. टिळक अंत्यसंस्काराला आले आणि जन्मभराचे मतभेद बाजूला ठेवून त्यांनी गोखल्यांचा गौरव केला.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षणसंस्थांत, मंडळांत, पतपेढ्यांत काम करतील. तेथे आपले दुसरे नाते, दुसरे काम, दुसरी मिळकत काय आहे हे पहिल्याच दिवशी चारचौघांसमोर मांडावे आणि मर्यादा लिहून घ्यावी. १८९० साली पुण्यात तेवढेच राहून गेले होते.