सर अपिराना न्गाटा : माओरी तरुणांचे वाटाडे

समाजातील चार मुले शिकून मोठ्या पदास चढली आणि त्यांनी मागे वळून पाहिले नाही, तर त्या समाजाचे कल्याण होत नाही. एकच शिकलेला परत येऊन दहांचा हात धरील, तर मात्र पिढी पालटते. दूरच्या न्यूझीलंड देशात असे घडले. ते चरित्र ज्ञातिबांधवांसाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

माओरी हे त्या देशाचे मूळ रहिवासी. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आगमनानंतर लढाया, रोगराई आणि जमिनींचा ऱ्हास यांमुळे त्यांची संख्या घटत गेली. १८९६ च्या शिरगणतीत ते अवघे ४२ हजारांच्या आसपास उरले. हा वंश आता नामशेष होणार, असे कित्येक गोरे उघड बोलत.

अशा काळात, दि. ३ जुलै १८७४ रोजी, पूर्व किनाऱ्यावरील ते आरारोआ येथे न्गाटी पोरो या कुळात अपिराना यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांस लहानपणीच ते औते येथील वसतिगृहयुक्त विद्यालयात धाडले. तेथील मुख्याध्यापक जॉन थॉर्न्टन यांचा आग्रह असा की, गोरी मुले जी मॅट्रिकची परीक्षा देतात, तीच माओरी मुलांनीही द्यावी. माओरींना शेतीकाम व हातकाम शिकविले म्हणजे पुरे, हे अधिकाऱ्यांचे मत त्यांस मान्य नव्हते. आम्ही आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केला. विद्यार्थ्याची पायरी आधीच ठरवून न टाकणारा शिक्षक किती दुर्मीळ असतो, हे आम्ही जाणतो.

१८९३ साली न्गाटा बी. ए. झाले. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी मिळविणारे ते पहिले माओरी होत. पुढे ऑकलंड येथे एका वकिली कचेरीत उमेदवारी करून त्यांनी कायद्याचीही पदवी घेतली. शहरात वकिली करून सुखाने राहता आले असते. परंतु ते आपल्या किनाऱ्यावर परतले. १८९७ साली ते औतेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला, त्यात ते अग्रभागी होते. पीटर बक व माउई पोमारे हे त्यांचे सहकारी पुढे नामांकित डॉक्टर झाले. १९०५ पासून १९४३ पर्यंत न्गाटा संसदेचे सभासद होते. १९२७ साली त्यांस 'सर' हा किताब मिळाला आणि १९२८ साली ते माओरी खात्याचे मंत्री झाले.

त्यांच्यापुढील मोठा प्रश्न तरुणांच्या हातांना काम देण्याचा होता. माओरींच्या एकेका जमिनीचे अनेक हिस्सेदार असत. म्हणून तारण नीट होत नसे व कर्ज मिळत नसे. न्गाटांनी हिश्शांचे एकत्रीकरण करविले आणि १९२९ साली कायदा करून सरकारी पैसा या जमिनींकडे वळविला. त्याच वर्षी त्यांची पत्नी व थोरला मुलगा दोघेही निवर्तले. तरी काम थांबले नाही. जाणत्या देखरेखनिसांच्या हाताखाली तरुण रान साफ करू लागले, कुंपणे घालू लागले, दुभती जनावरे सांभाळू लागले.

दुसरे कार्य कोरीव कामाचे. माओरींच्या सभागृहांचे लाकडी नक्षीकाम करणारे वृद्ध कारागीर मोजकेच उरले होते. १९२६ साली कायदा होऊन पुढे रोटोरुआ येथे त्या कलेची शाळा निघाली. वाकसाने घडविण्याची जुनी रीत शिकून घेण्यासाठी न्गाटांनी पिने टायापा या तरुणास एरामिहा कापुआ या वृद्ध कारागिराकडे पाठविले; पुढे कापुआंनी शाळेतही ती विद्या दिली. शिकलेले तरुण मग गावोगाव सभागृहे उभारू लागले. १९४० साली वैतांगी येथे खुल्या झालेल्या सभागृहाच्या कोरीव कामात पिने टायापांचा मोठा वाटा होता.

चरित्रकाराने दोष झाकू नयेत. काम झपाट्याने वाढले, पण हिशेब मागे पडले. चौकशी आयोगाने १९३४ साली खात्याच्या कारभारावर, तसेच नेमलेल्या मार्गांना डावलून पैसा खर्च करण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला. हाताखालच्यांच्या चुकांचीही जबाबदारी स्वतःवर घेऊन न्गाटांनी मंत्रिपद सोडले. सार्वजनिक कार्यात तळमळीइतकीच चोख वहीही हवी, हा धडा आपल्या संस्थांनीही घेण्याजोगा आहे.

दि. १४ जुलै १९५० रोजी त्यांचे निधन झाले. तोवर माओरींची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. त्यांच्या पश्चात, १९५९ पासून, खेड्यांतून शहरात येणाऱ्या माओरी मुलांना सुतारकामादी धंदे शिकविण्याची सरकारी योजना निघाली. तीत वसतिगृहाचीही सोय होती. न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवर आज न्गाटांचेच चित्र आहे.

आपल्या ज्ञातीत शिष्यवृत्तीस हातभार लावणारे दाते आहेत, त्यांचे आम्ही ऋणी आहो. तथापि मुलास पैसे देणे निराळे, आणि त्यास आपल्या कचेरीत वा कारखान्यात नेऊन, शेजारी बसवून काम शिकविणे निराळे. दर कुटुंबाने निदान एका मुलाचे असे पालकत्व पत्करावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.