सेंट पॉलची दगडी कमान आणि फ्रान्सिस झेवियर

जुन्या गोव्यात जांभ्या दगडाची एक पुरातन कमान उभी आहे. तिच्यामागील सेंट पॉल कॉलेज हे मोठे ख्रिस्ती विद्यालय केव्हाच नाहीसे झाले. या स्थळाशी ज्याचे नाव कायमचे जडले, त्या फ्रान्सिस झेवियरचे चरित्र आम्ही वैनगंगेकाठच्या बंधुभगिनींपुढे थोडक्यात ठेवितो.

त्याचा जन्म १५०६ साली नाव्हारा देशी एका सरदार घराण्यात झाला. पॅरिस येथे विद्या शिकत असता इग्नेशियस लोयोला याच्या संगतीने त्याचे मन पालटले, व १५३४ साली त्या सोबत्यांनी ईश्वरसेवेचे व्रत घेतले. ता. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यास उतरला. तेथे त्याने इस्पितळात बिऱ्हाड केले आणि रोगी, महारोगी व बंदिवान यांची सेवा केली. हाती घंटा घेऊन तो रस्त्याने फिरे, आणि मुले जमवून त्यांस धर्मपाठ शिकवी.

त्याच वर्षी तो दक्षिणेकडे मोती काढणाऱ्या लोकांत गेला. त्यास तमिळ येत नव्हती. म्हणून दुभाष्यांच्या साह्याने त्याने प्रार्थना व दहा आज्ञा त्या भाषेत करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या व गावोगाव शिकविल्या. एका गावी फार दिवस राहणे त्यास शक्य नव्हते. यास्तव त्याने ठिकठिकाणी तेथलेच शिक्षक नेमिले व त्यांच्या वेतनाची तजवीज केली. आपले खेड्यांतील उपदेशक आज जे काम करितात, ते याच प्रकारचे होय.

पुढे मलाक्का, मोलुक्का बेटे व १५४९ साली जपान येथे त्याने सुवार्ता नेली. चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर ता. ३ डिसेंबर १५५२ रोजी तो मरण पावला. १५५४ साली त्याचे शरीर गोव्यास आणून सेंट पॉलच्या मंदिरात ठेविले. सांप्रत ते बॉम जेजूस मंदिरात आहे, व तेथे यात्रेकरूंची गर्दी होते.

त्याचे सर्वच अनुकरणीय नव्हते. १५४६ साली त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन नामक धर्मन्यायालय मागितले. ते त्याच्या मरणानंतर १५६० साली आले, आणि लोकांस त्यापासून फार क्लेश झाले. धाकाने ओठ हालतात, अंतःकरण पालटत नाही. कमान पाहणाऱ्याने हेही ध्यानात धरावे. परंतु लोकांची भाषा मुखी घेऊन दारोदार फिरणारा तो घंटावालाही विसरू नये.