हरण्याची विद्या

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या वर्गाने एक एकांकिका बसवली. नायकाचे काम आपल्यालाच मिळणार, अशी माझी पक्की खात्री होती. पात्रांची यादी लागली तेव्हा माझ्या नावासमोर सावकाराच्या मुकादमाचे काम होते. शेवटच्या प्रवेशात नायकाचा मार खाऊन धुळीत पडायचे, एवढाच काय तो माझा पराक्रम! मित्रांनी चिडवले, घरी सांगायची लाज वाटली, आणि तालमीला मी कुढतच जाऊ लागलो.

एके दिवशी तालमीत मी एक गोष्ट केली. नायकाने माझ्या अंगावर झेपावायचे आणि मी मागे कोसळायचे, असे ठरलेले होते. त्या दिवशी मी कोसळलोच नाही. ताठ उभा राहिलो. माझ्या वर्गमित्राचा तोल गेला, तो हातावर पडला आणि त्याचे मनगट मुरगळले. सगळ्यांना तो अपघात वाटला. तो अपघात नव्हता, हे फक्त मला ठाऊक होते. कदाचित नाटक बसवणाऱ्या आमच्या सरांनाही ठाऊक असावे. कारण ते रागावले नाहीत. त्यांनी मला 'एंटर द ड्रॅगन' हा जुना चित्रपट पाहायला सांगितले, आणि पाहताना मारणाऱ्याकडे नव्हे तर मार खाणाऱ्याकडे लक्ष ठेव, असे बजावले.

'एंटर द ड्रॅगन' कुणाला ठाऊक नाही? माझ्या वडिलांच्या पिढीने तो थिएटरात पाहिला आणि घरी येऊन उंबऱ्यावर लाथा झाडल्या. आमच्या पिढीने तो मोबाइलवर पाहिला. पण पाहिला तो ब्रूस लीसाठी. त्यातल्या खलनायकाचे, एका बेटाचा मालक असलेल्या हानचे, काम कुणी केले हे मलाही सांगता आले नसते. एक हात गमावलेला, त्या जागी लोखंडी पंजा बसवणारा, पांढरपेशा वेषातला तो थंड डोळ्यांचा म्हातारा. त्या नटाचे नाव शेक कीन. 1973 साली हा चित्रपट तयार झाला तेव्हा ब्रूस ली बत्तीस वर्षांचा होता आणि शेक कीन साठीचे! आरशांच्या दालनातली ती शेवटची झुंज मी पुन्हा पुन्हा पाहिली आणि मग या माणसाच्या आयुष्याचा शोध घ्यायला बसलो. जे सापडले ते इथे मांडतो आहे.

शेक कीन यांचा जन्म 1 जानेवारी 1913 रोजी दक्षिण चीनमधला. त्यांचे मूळ नाव शेक विंग-चेउंग. पुढे पडद्यासाठी घेतलेल्या नावाचा चिनी अर्थ मोठा बोलका आहे. शेक म्हणजे दगड आणि कीन म्हणजे टणक. पण लहानपणी हा मुलगा टणक मुळीच नव्हता. नेहमी आजारी, अंगाने किरकोळ. प्रकृती सुधारावी म्हणून त्यांनी व्यायामाची वाट धरली आणि ते चिन वू या संस्थेत दाखल झाले.

चिन वू ही संस्था आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालमीसारखी समजावी. 1910 साली शांघाय शहरात तिची स्थापना झाली. हुओ युआनजिया या विख्यात मल्लाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. तोपर्यंत चीनमधली युद्धविद्या घराण्याघराण्यांत बंदिस्त होती. गुरू आपले डावपेच बाहेरच्याला दाखवत नसे. चिन वूने ती दारे उघडली. निरनिराळ्या घराण्यांचे वस्ताद एका छताखाली आणले आणि सर्वसामान्य माणसाला शिकण्याची सोय केली. परकीयांपुढे हतबल झालेल्या देशाने निदान शरीराने तरी ताठ उभे राहावे, ही त्यामागची तळमळ. अशा ठिकाणी शेक कीन यांनी सुमारे नऊ वर्षे घाम गाळला आणि शिकवण्याची पात्रता मिळवली. म्हणजे पडद्यावर ज्याला जन्मभर हरायचे होते, तो माणूस प्रत्यक्षात वस्ताद होता.

नाट्यचित्रपटांच्या व्यवसायात ते शिरले ते रंगभूषेच्या दारातून. दुसऱ्यांचे चेहरे रंगवता रंगवता ते स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. 1940 साली हाँगकाँगमध्ये त्यांचा पहिला चित्रपट झाला. त्यात त्यांना मिळालेले काम होते जपानी हेराचे! हे साल ध्यानात घ्यावे. 1938 साली कॅन्टन शहर जपान्यांच्या ताब्यात गेले होते आणि निर्वासितांचे लोंढे हाँगकाँगमध्ये शिरले होते. पुढच्याच वर्षी, 1941 च्या नाताळच्या दिवशी, खुद्द हाँगकाँगही पडणार होते. अशा वेळी, अशा प्रेक्षकांसमोर जपानी हेर म्हणून उभे राहायचे! लोकांच्या द्वेषाला तोंड देण्याचा पहिला धडा त्यांना पहिल्याच चित्रपटात मिळाला असला पाहिजे.

त्यांचे खरे युग सुरू झाले ते युद्ध संपल्यावर. 1949 साली वू पांग या दिग्दर्शकाने वाँग फेई-हुंग यांच्या जीवनावर चित्रपट काढला. वाँग फेई-हुंग हे काल्पनिक पात्र नव्हे. 1847 ते 1925 या काळात दक्षिण चीनमध्ये होऊन गेलेले ते युद्धविद्येचे आचार्य आणि वैद्य. लोकांच्या मनात त्यांच्या कथा घर करून बसल्या होत्या. त्यांची भूमिका केली क्वान तक-हिंग या कॅन्टनी संगीतनाटकांतल्या कसलेल्या नटाने, आणि त्यांच्यासमोर खलनायक म्हणून उभे राहिले शेक कीन. चित्रपट इतका लोकप्रिय झाला की त्याची मालिकाच सुरू झाली. एकट्या 1956 साली या मालिकेतले पंचवीस चित्रपट निघाले, म्हणजे पंधरा दिवसांना एक! क्वान तक-हिंग यांनी सत्तरांहून अधिक चित्रपटांत वाँग फेई-हुंग साकारले आणि त्यांतल्या कितीतरी चित्रपटांत त्यांच्याकडून मार खायला शेक कीन हजर होते.

या मालिकेने आणखी एक मोठे काम केले. त्याआधीच्या चित्रपटांतली मारामारी बहुधा नाटकी थाटाची असे. तारांवर उडणारे वीर, तळहातातून निघणाऱ्या आणि फिल्मवर चितारलेल्या विजा, असा सारा मामला. वाँग फेई-हुंग यांच्या चित्रपटांत मात्र त्यांच्या शिष्यपरंपरेतली माणसे काम करीत होती. त्यामुळे खरे डाव, खरे पवित्रे पडद्यावर आले. क्वान दक्षिणेची पद्धत दाखवीत, तर शेक कीन उत्तरेच्या वळणाची. पुढे जगभर गाजलेल्या कुंग फू चित्रपटांचा पाया असा या जुन्या कृष्णधवल चित्रपटांत घातला गेला. आणि खरा डाव दाखवायचा तर तो अंगावर घेणारा माणूसही जाणता लागतो. हात किती वेगाने येणार, आपण केव्हा मान वळवायची, कोणत्या क्षणी जमीन सोडायची, हे ज्याला कळते तोच समोरच्याचा ठोसा जिवंत करू शकतो. क्वान यांच्या हाताला जे वजन दिसत होते, त्यात निम्मा वाटा शेक कीन यांच्या पडण्याचा होता.

लोकांनी मात्र त्यांना खलपुरुषच मानले. कॅन्टनी बोलीत दुष्ट माणूस या अर्थाच्या शब्दांशी त्यांच्या नावाचे यमक जुळवून लोकांनी त्यांना टोपणनाव दिले; आपल्या भाषेत सांगायचे तर खलपुरुष कीन. त्यांचे ते कुत्सित हसू हाँगकाँगमधली पोरेसोरे वाजवून दाखवीत. प्रत्यक्षात हा माणूस अत्यंत सौम्य, मृदू स्वभावाचा आणि सहकाऱ्यांना हवाहवासा होता. पडद्यावरचे हाडवैरी क्वान तक-हिंग हे प्रत्यक्ष आयुष्यात त्यांचे स्नेही होते.

हे वाचताना मला आपले निळूभाऊ आठवले. निळू फुल्यांचे नाव काढले की माझी आजी आजही बोटे मोडते! 'सामना'मधल्या साखरसम्राटाला तिने अजून क्षमा केलेली नाही. आणि हाच माणूस तरुणपणी पुण्यात माळीकाम करीत होता, सेवादलाचा निष्ठावंत कार्यकर्ता होता, सामाजिक कामांसाठी गावोगाव हिंडत होता. योगायोग असा की हे दोन्ही खलनायक एकाच वर्षी गेले. शेक कीन 3 जून 2009 रोजी आणि निळूभाऊ 13 जुलै 2009 रोजी. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण लोकांचा राग अंगावर घेऊन तो मनाला न लागू देण्याची कला दोघांनाही साधली होती.

'एंटर द ड्रॅगन'कडे पुन्हा वळतो. ब्रूस लीचे वडील ली होई-चुएन हेही कॅन्टनी संगीतनाटकांतले नट, आणि ब्रूस स्वतः लहानपणी त्याच हाँगकाँगच्या चित्रपटांत बालनट म्हणून वावरलेला. म्हणजे शेक कीन त्याला वडिलांच्या पिढीचे. रॉबर्ट क्लाउज या अमेरिकन दिग्दर्शकाने हाँगकाँगमध्ये या चित्रपटाचे चित्रीकरण केले. शेक कीन यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून हानचा आवाज की ल्यूक या दुसऱ्या नटाने दिला. ज्या एका चित्रपटामुळे जगाने त्यांना ओळखले, त्यात त्यांचा स्वतःचा आवाजदेखील नाही! जे आहे ते केवळ शरीर, चाल आणि डोळे. तरीही हान आपल्या लक्षात राहतो. साठीतल्या माणसाने तरुणासमोर उभे राहून प्रत्येक घाव असा झेलला आहे की ब्रूस लीची वीज आपल्याला दिसते. शेवटी हान भाल्यावर अडकून मरतो आणि ब्रूस ली विजयी होऊन बाहेर येतो.

नियतीचा खेळ पाहा. पडद्यावर जिंकलेला ब्रूस ली 20 जुलै 1973 रोजी मरण पावला. अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित झाला तो त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये. आणि पडद्यावर मेलेले शेक कीन त्यानंतर जवळजवळ छत्तीस वर्षे जगले. सदा जिंकणारे क्वान तक-हिंगही 1996 साली गेले. हरणारा तेवढा मागे राहिला.

उतारवयात त्यांच्या वाट्याला निराळी कामेही आली. 1978 साली हाँगकाँगच्या दूरदर्शन मालिकेत त्यांनी जिन योंग यांच्या कादंबरीतल्या अंध सिंहराजाचे काम केले. बाहेरून उग्र, आतून दुःखाने पोळलेला आणि मानलेल्या मुलावर जीव टाकणारा तो पुरुष. 1980 साली जॅकी चॅनच्या 'द यंग मास्टर'मध्ये ते चक्क पोलीस अधिकारी झाले. शेकडो चित्रपटांनंतर नव्वदीच्या दशकात त्यांनी काम थांबवले, आणि 2003 साली हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यांच्या दीर्घ सेवेचा गौरव झाला. ते गेले तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते. लहानपणी सतत आजारी पडणाऱ्या त्या मुलाने जवळजवळ शतक गाठले.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या वर्गमित्राच्या घरी गेलो. त्याच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. तालमीत मी मुद्दाम उभा राहिलो होतो, हे त्याला सांगितले. सांगताना जीभ जड झाली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने आतून दोन कप चहा आणला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे तालमीच्या आधी अर्धा तास येऊ लागलो. त्याचा हात दुखू नये आणि तरीही मार खरा दिसावा, अशा बेताने कसे पडायचे, याचा आम्ही सराव केला. पडणे सोपे नसते, हे मला तेव्हा कळले. कोपरे सोलली, पाठ चार दिवस धरली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात मी धुळीत पडलो. सभागृहात शिट्ट्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. तो माझ्यासाठी नव्हता, माझ्या मित्रासाठी होता. जमिनीवर डोळे मिटून पडल्या पडल्या मी तो ऐकत होतो, आणि मला मुळीच वाईट वाटत नव्हते.

आपल्याला सर्वत्र जिंकायला शिकवतात; वर्गात, मैदानावर, वक्तृत्वाच्या स्पर्धेत. ते योग्यच आहे. पण दुसऱ्याचा विजय खरा वाटावा म्हणून जीव ओतून हरणारीही माणसे असतात. शेक कीन यांनी ही विद्या जन्मभर उपासली. हाँगकाँगच्या या वृद्ध वस्तादाला मी कधी भेटलो नाही, भेटणे शक्यही नव्हते. पण नीट कसे पडावे हे मला त्यांनीच शिकवले, म्हणून हे चार शब्द त्यांच्या स्मृतीला अर्पण.