पहिली अँजिओप्लास्टी हृदयाची नव्हे, पायाची! कोण होते डॉ. चार्ल्स डॉटर?

अँजिओप्लास्टी म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. पण पहिली अँजिओप्लास्टी झाली पायावर, आणि ती करणारे डॉ. चार्ल्स डॉटर ना सर्जन होते, ना हृदयरोगतज्ज्ञ. ते होते रेडिओलॉजिस्ट.

बोस्टनमध्ये १९२० साली जन्मलेले डॉटर वयाच्या ३२व्या वर्षीच अमेरिकेतल्या ओरेगन वैद्यकीय विद्यालयात रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा या विभागाचं काम ठरलेलं. रक्तवाहिनीत कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालायची, डाय सोडायचा, एक्स-रेवर ब्लॉकेज दाखवायचं. पुढचं सर्जन बघतील. १९६३ मध्ये एका तपासणीत डॉटर यांचा कॅथेटर बंद धमनीतून अनपेक्षितपणे आरपार गेला. वाट मोकळी झाली. मग नळीनेच उपचार का करू नयेत?

संधी मिळाली १६ जानेवारी १९६४ रोजी. ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाला गँगरीन झालं होतं आणि पाय कापायला त्यांचा ठाम नकार होता. डॉटर यांनी मांडीतल्या अरुंद धमनीत आधी तार घातली, मग तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या. थंड पडलेला पाय काही मिनिटांत गरम झाला. आजी शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या.

डॉटर यांचं जुगाडही भारी. कॅथेटरच्या तारेसाठी त्यांनी चक्क गिटारच्या तारा वापरून पाहिल्या!

अमेरिकी सर्जननी मात्र त्यांना बराच काळ वेड्यात काढलं. पद्धत रुजली ती युरोपात. तिथेच आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीला फुगा जोडला आणि १९७७ मध्ये झुरिचला हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. पुढच्याच वर्षी डॉटर यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं. ते मिळालं नाही. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं.