टिळक, पण दुसरे

टिळक म्हटलं की आपल्यासमोर लोकमान्यच उभे राहतात. पण मित्रांनो, मला सांगायचंय ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल. 'फुलामुलांचे कवी' एवढं उत्तर रिकाम्या जागेत लिहून आपण एक मार्क मिळवला आणि पुढे गेलो. मी तर कॉन्व्हेंटची, रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणणारी. पण हा कवी ख्रिस्ती का झाला, हे मराठीच्या तासाला कुणी सांगितलंच नाही.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. संस्कृत पक्कं, पण एका जागी टिकून राहणं काही जमायचं नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. आपण तो सीटवरच विसरून उतरलो असतो! टिळकांनी तो वाचला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे मात्र मला त्यांचा राग येतो. लक्ष्मीबाईंना कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पदरात छोटा दत्तू, सोवळ्या-ओवळ्याचं माहेर आणि लोकांची बोलणी. जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. नंतर त्या परत आल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. जात देवाने केली की माणसाने, यावर त्यांनी स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' लायब्ररीत दिसलं तर आधी तेच उचला.

टिळकांनी धर्म बदलला, पण भाषा आणि ताल नाही सोडला. चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी म्हणत. टिळकांनी येशूवर अभंग रचले, कीर्तनं केली. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते मानायचे.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. १९०७ मध्ये जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेने कविता म्हटली आणि तो 'बालकवी' झाला. टिळकांनी या पोराला पुढे नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपल्या घरी ठेवून घेतलं. मिशनऱ्याचं घर आणि आत एक ब्राह्मणाचा मुलगा! गावात काय काय बोललं गेलं असेल, ते आपण आपल्या कॉलनीवरून ओळखू शकतो. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो तिथे राहिला, कविता लिहिल्या आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. टिळकांच्या सगळ्या अभंगांपेक्षा मला ही गोष्ट जास्त पटते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनमधल्या सगळ्यांना ते रुचलं नाही.

५ मे १९१८ ला बालकवी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतलं.